संगीतशिक्षकाची पात्रतापरीक्षा : एक चिकित्सा

१

संगीतशिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने कोणती परीक्षा द्यावी, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात आता बरेचसे ठरून गेले आहे. खाजगी वर्ग चालवावयाचा असेल किंवा शाळेत गाणे शिकवावयाचे असेल, तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘विशारद’ ही पदवी सामान्यतः पुरेशी मानली जाते. शक्य झाल्यास तिच्यापुढील ‘अलंकार’. महाविद्यालयात अध्यापन करावयाचे असेल, तर विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी आणि तिच्यानंतर ‘नेट’ अथवा ‘सेट’. उमेदवार या परीक्षांची तयारी करतो आणि या तयारीलाच शिक्षक होण्याची तयारी समजतो. या दोन तयाऱ्या कितपत एक आहेत, याची तपासणी करणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

ही तपासणी पनवेलसारख्या गावाच्या संदर्भात करणे दोन कारणांनी सोयीचे आहे. पहिले असे की, गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशी येथे असून पनवेलहून हार्बर मार्गाच्या लोकल गाडीने खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, नेरूळ अशी स्थानके ओलांडीत उमेदवार थेट तिच्यापर्यंत पोहोचू शकतो. परीक्षेचे केंद्रस्थान येथून दूर नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. पनवेल आणि उरण या तालुक्यांतील गावांत संगीत भजनाची परंपरा फार जोमदार आहे. पेटी, पखवाज आणि टाळ यांच्या साथीने रूपाच्या अभंगापासून गजर, गौळण आणि भैरवीपर्यंत चालणाऱ्या या भजनांत रागदारीचा अंश मोठा असतो. तेथे शिकविणारे बुवा बहुधा कोणत्याही परीक्षेला बसलेले नसतात. तरीही त्यांच्यापाशी मुले गाऊ लागतात. म्हणजे ज्याने परीक्षा दिली पण शिकविले नाही आणि ज्याने शिकविले पण परीक्षा दिली नाही, असे दोन्ही नमुने एकाच परिसरात, कित्येकदा एकाच घरात, पाहावयास मिळतात. परीक्षा नेमके काय मोजते आणि काय मोजावयाचे राहून जाते, हे अशा ठिकाणी स्पष्ट दिसते.

२

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की, या परीक्षापद्धतीचा उगम शिक्षक घडविण्याच्या हेतूतूनच झाला. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तेथे सर्वसामान्य विद्यार्थ्यांचे वर्ग होतेच. परंतु त्यांच्या योजनेचा कणा होता तो ‘उपदेशक वर्ग’. या वर्गातील विद्यार्थी नऊ वर्षांच्या कराराने राहत, त्यांची राहण्याजेवण्याची व्यवस्था संस्था करी, आणि शिक्षण पुरे झाल्यावर त्यांनी गावोगावी जाऊन संगीताचा प्रसार करावा अशी अपेक्षा असे. ‘उपदेशक’ हा शब्दच बोलका आहे. मैफिलीचा गवई निर्माण करणे हे या वर्गाचे प्रथम उद्दिष्ट नव्हते. ओंकारनाथ ठाकूर १९१६ मध्ये लाहोरच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, तेव्हा त्यांचे वय वीस वर्षांच्याही आत होते. हे शक्य झाले याचे कारण, त्या वातावरणात शिकणे आणि शिकविणे ही दोन्ही अंगे एकाच वेळी वाढत होती. पलुस्करांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी १९३१ मध्ये मंडळ स्थापिले आणि परीक्षांना अखिल भारतीय स्वरूप दिले.

दुसऱ्या बाजूस विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे उदाहरण आहे. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी आपल्या संस्थानात संगीतविद्यालय काढण्याचे ठरविले, तेव्हा काही गवयांना त्यांनी मुंबईस भातखंड्यांकडे पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. ही मंडळी गाण्यात कच्ची नव्हती. ग्वाल्हेरची तालीम त्यांच्या गळ्यात होती. तरीही त्यांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले, कारण वर्गात अनेकांना एकाच वेळी क्रमाने शिकविणे ही विद्या वेगळी आहे, असे भातखंड्यांचे मत होते. या तयारीनंतर १९१८ च्या जानेवारीत ग्वाल्हेरचे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि राजाभैयांनी पुढे तेथे अनेक पिढ्या शिकविल्या.

दोन्ही विष्णूंचे मार्ग भिन्न होते, स्वरलिपी भिन्न होत्या, आणि त्यांच्या अनुयायांत पुष्कळ काळ वादही झाला. परंतु एका मुद्द्यावर दोघांचे एकमत दिसते. गाता येणे ही शिकविण्याची आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट नाही. आजच्या परीक्षेची चिकित्सा करताना हाच निकष तिला लावणे न्याय्य होईल, कारण तो बाहेरून आणलेला नसून तिच्या संस्थापकांचाच आहे.

३

मंडळाच्या परीक्षांची मालिका प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम व पूर्ण, मध्यमा प्रथम व पूर्ण, विशारद प्रथम व पूर्ण आणि अलंकार प्रथम व पूर्ण अशा नऊ पायऱ्यांची आहे. खालच्या पायऱ्यांवर परीक्षा केवळ क्रियात्मक असते. वर जाता जाता लेखी भाग वाढत जातो. क्रियात्मक भागात उमेदवाराने बडा ख्याल, छोटा ख्याल, आलाप व ताना गाऊन दाखवावयाच्या असतात, हातावर ताल देऊन ठेक्याची दुगुण, चौगुण म्हणावयाची असते आणि परीक्षकाने गाइलेल्या स्वरसमूहावरून राग ओळखावयाचा असतो. लेखी भागात व्याख्या, रागांतील साम्यभेद, तालांचे लेखन, ग्रंथकार व गायक यांची चरित्रे आणि बंदिशींचे स्वरलेखन विचारले जाते.

या अभ्यासक्रमाच्या मागे जी ग्रंथसंपदा उभी आहे, ती सामान्य नव्हे. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ सहा भागांची आहे. विनायकराव पटवर्धनांचे ‘रागविज्ञान’ सात भागांत असून त्यात प्रत्येक रागाची माहिती, बंदिशी आणि विस्तारासाठी आलाप-ताना दिल्या आहेत. आणि या सर्वांच्या मागे भातखंड्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा १९१० ते १९३२ या काळात चार भागांत मराठीत निघालेला ग्रंथ आहे.

या शेवटच्या ग्रंथाच्या रचनेकडे परीक्षेच्या दृष्टीने फारसे लक्ष गेलेले नाही. तो संवादरूप आहे. गुरू आणि शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांतून रागांची चर्चा पुढे सरकते. शिष्य शंका विचारतो, आधीच्या मुद्द्याशी विसंगती दाखवितो, कधी अर्धवट समजून घाईने निष्कर्ष काढतो. गुरू त्याला मागे आणून पुन्हा मार्गावर घालतो. आधुनिक मराठीतील संगीतशास्त्राच्या या सर्वांत मोठ्या ग्रंथाने शास्त्र मांडण्यासाठी अध्यापनाचेच रूप निवडले, ही गोष्ट योगायोगाची नाही. राग म्हणजे काय हे सांगताना तो शिष्याला कसा समजला नाही, हेही सांगावे लागते, अशी त्यामागची जाणीव दिसते.

‘क्रमिक’ मालिकेतील लक्षणगीत हेही असेच एक साधन आहे. रागाचे आरोहावरोह, वादी-संवादी, वर्ज्य स्वर, गानसमय ही सर्व लक्षणे त्याच रागात बांधलेल्या गीताच्या शब्दांत गुंफलेली असतात. विद्यार्थी शास्त्र पाठ करतो तेच गाऊन. शास्त्र आणि क्रिया यांची फारकत होऊ नये म्हणून केलेली ही योजना आहे.

परीक्षेच्या तयारीसाठी बाजारात जी मार्गदर्शक पुस्तके प्रचलित आहेत, त्यांत मात्र ही दोन्ही वैशिष्ट्ये नाहीशी झालेली आढळतात. संवादाच्या जागी व्याख्या आली आणि लक्षणगीताच्या जागी तक्ता आला. रागाचे नाव, थाट, वादी, संवादी, जाती, समय, पकड असे रकाने पाडले जातात आणि ते भरले की राग ‘तयार’ झाला असे मानले जाते. संदर्भासाठी तक्ता उपयुक्त असतो, यात संशय नाही. पण शिष्याचा प्रश्न त्यातून गळून पडलेला असतो. भातखंड्यांच्या ग्रंथातील शिष्य जेथे अडखळतो, नेमकी तीच जागा मार्गदर्शिकेने सपाट केलेली असते. शिक्षक होऊ पाहणाऱ्याला तर त्याच जागेची सर्वांत अधिक गरज असते.

‘रागविज्ञाना’च्या बाबतीतही असेच घडते. लिहून दिलेल्या आलाप-ताना या विस्ताराची दिशा दाखविणारे नमुने आहेत. परीक्षार्थी त्या मुखोद्गत करतो व परीक्षकापुढे म्हणतो. दोष ग्रंथाचा नाही. तो वापरण्याच्या रीतीचा आहे. तथापि अशी रीत रूढ होते ती परीक्षेला त्या पाठांतराने काम भागते म्हणून, हेही मान्य करावे लागते.

४

हा मुद्दा एका रागाच्या उदाहरणाने पडताळून पाहता येईल. लेखी परीक्षेत भूप व देसकार यांची तुलना हा वहिवाटीचा प्रश्न आहे. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हे पाचच शुद्ध स्वर लागतात. भूप कल्याण थाटातला, वादी गांधार, संवादी धैवत, पूर्वांगप्रधान, रात्रीच्या पहिल्या प्रहरी गाइला जाणारा. देसकार बिलावल थाटातला, वादी धैवत, संवादी गांधार, उत्तरांगप्रधान, सकाळी गाइला जाणारा. एवढे लिहिणाऱ्या उमेदवाराला गुण मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत, कारण उत्तर बरोबर आहे.

आता हाच उमेदवार पनवेलमधील आपल्या घरी सायंकाळी आठदहा मुलांसमोर बसला आहे, असे मानू. एक मुलगी भूपाचा आलाप करता करता धैवतावर थांबते, पुन्हा वरच्या षड्जाला स्पर्श करून धैवतावरच परत येते. तिने एकही वर्ज्य स्वर लावलेला नाही. तरीही भूप हातातून सुटला आहे. दुसरा मुलगा अवरोहात स्वर सोडवत नाही म्हणून घसरत खाली येतो, आणि त्या घसरणीत निषादाचा व तीव्र मध्यमाचा अंश लागून शुद्धकल्याणाची छाया पडते. तिसऱ्याचे स्वर बरोबर आहेत, पण गांधारावर त्याला टिकता येत नाही, म्हणून राग उभाच राहत नाही. तिघांचेही ‘चुकले’; पण तीन चुका तीन जातींच्या आहेत आणि तिघांचे उपाय निराळे आहेत. पहिलीला न्यासाचे स्थान दाखवावयाचे आहे: मंद्र धैवतापासून गांधारापर्यंतच्या टापूत तिला काही दिवस फिरवावे लागेल. दुसऱ्याला प्रत्येक स्वर सुटा घेण्याचे अलंकार द्यावे लागतील. तिसऱ्याला राग बाजूला ठेवून दीर्घ श्वासाचा षड्ज आणि गांधार यांचा साधा अभ्यास द्यावा लागेल.

भूप व देसकार यांची तुलना लिहिताना उमेदवाराने जे ज्ञान वापरले, तेच येथेही लागते. पण ते उलट दिशेने वापरावे लागते. परीक्षेत रागाच्या नावावरून लक्षणे सांगावयाची असतात. वर्गात बिघडलेल्या आलापावरून कोणते लक्षण ढळले ते ओळखावयाचे असते. पहिल्या दिशेने शेकडो वेळा गेलेला मनुष्य दुसऱ्या दिशेने आपोआप जाऊ शकेल, हे गृहीत धरण्यास आधार नाही. शिक्षकाला बरोबर उत्तर तर ठाऊक असावेच लागते. त्याशिवाय चुकीची उत्तरे, त्यांची कुळे आणि त्यांची कारणेही ठाऊक असावी लागतात.

दुसरे उदाहरण या परिसराशी अधिक निगडित आहे. ‘तंबोऱ्यातील स्वयंभू गांधार’ हा लेखी परीक्षेतील एक परिचित विषय आहे. खर्जाची तार नीट जुळली असता तिच्यातून गांधार स्वतंत्रपणे ऐकू येतो, हे उमेदवार लिहितो. पेटीचे स्वर समान अंतराच्या सप्तकात बसविलेले असल्यामुळे पेटीचा शुद्ध गांधार हा या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंटने, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो, हेही कोणी अभ्यासू उमेदवार लिहील. भजनाच्या घरातून आलेल्या मुलाचा कान मात्र लहानपणापासून पेटीवर तयार झालेला असतो. त्याचा आवाज मोकळा असतो, लयीची समज उत्तम असते, आणि तंबोऱ्यासमोर बसविल्यावर त्याचा गांधार किंचित चढा लागतो. अननुभवी शिक्षक ‘बेसूर आहे’ असा शेरा मारतो. वस्तुतः तो मुलगा सुरातच गात आहे. फक्त त्याचा आधार वेगळा आहे. पेटी काही काळ मिटून ठेवावी, तंबोरा लावावा, गांधारावर त्याला थांबवून ऐकावयास लावावे, एवढाच त्यावर उपाय आहे. ज्याने स्वयंभू गांधारावर टीप लिहिली, त्यालाच हा उपाय सुचत नाही. कारण ती टीप त्याने उत्तरपत्रिकेसाठी वाचलेली असते, मुलासाठी नव्हे.

या चुकीच्या शेऱ्याची किंमत परीक्षार्थी देत नाही. ती मूल देते. ‘तुला सूर नाही’ हे वाक्य एकदा ऐकलेले मूल बहुधा पुन्हा गात नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागतो, तेव्हाही हीच आपत्ती येते. पूर्वी काळी चारमध्ये सहज गाणारा मुलगा अचानक वर पोहोचेनासा होतो. त्याची पट्टी उतरवावी, ताण देऊ नये, काही महिने मंद्राचाच अभ्यास करावा, हे ज्याला ठाऊक नाही तो त्याचा गळा तरी बिघडवितो किंवा त्याचा आत्मविश्वास तरी. संगीतशिक्षकाच्या पात्रतेचा प्रश्न म्हणूनच केवळ पदवीचा किंवा नोकरीचा नाही.

भजनीबुवांकडे यांपैकी पुष्कळसे ज्ञान अनुभवाने आलेले असते. कोणत्या पोराला कोणत्या पट्टीत गाऊ द्यावे, कोणाला पुढे बसवावे, कोणाच्या तोंडी ध्रुपद द्यावे आणि कोणाला अजून टाळच धरू द्यावा, हे ते पाहतापाहता ठरवितात. त्यांच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. स्वरलेखन नसल्यामुळे चाल बदलत जाते; रागनियम सैल राहतात; बुवांना जे येत नाही ते पुढच्या पिढीला मिळतच नाही. परंतु शिकणाऱ्याच्या गळ्याकडे पाहून शिकविणे हा गुण तेथे जिवंत आहे. परीक्षापद्धतीने बुवांच्या उणिवा भरून काढल्या, पण त्यांचा हा गुण मात्र आपल्या कक्षेत घेतला नाही.

५

महाविद्यालयीन अध्यापकासाठी असलेल्या ‘नेट’ व ‘सेट’ या परीक्षांत ही उणीव अधिकच ठळक होते. २०१८ पासून त्यांचे स्वरूप दोन प्रश्नपत्रिकांचे आहे: पहिलीत अध्यापन व संशोधन यांच्या सामान्य योग्यतेवर ५० प्रश्न, दुसरीत विषयावर १०० प्रश्न, तीन तास, ३०० गुण, आणि सर्व प्रश्न पर्यायी उत्तरांचे. २०१२ पूर्वी ‘नेट’ची तिसरी प्रश्नपत्रिका वर्णनात्मक असे, आणि उमेदवाराला निदान सलग चार परिच्छेदांत एखादा मुद्दा समजावून सांगावा लागे. ती गेल्यानंतर संगीताच्या अध्यापकाची पात्रता एकही स्वर न उमटता आणि एकही वाक्य न लिहिता ठरू लागली.

पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापनाची योग्यता तपासली जाते, असे यावर उत्तर दिले जाईल. पण ती प्रश्नपत्रिका इतिहासाच्या, रसायनशास्त्राच्या आणि संगीताच्या उमेदवाराला एकच असते. अध्यापनाच्या पद्धती, संप्रेषण, तर्क यांविषयी ती जे विचारते ते निरुपयोगी नाही. परंतु चढ्या गांधाराशी तिचा काही संबंध नाही. परिणामी एका बाजूस संगीत नसलेले अध्यापन आणि दुसऱ्या बाजूस अध्यापन नसलेले संगीत अशी विभागणी होते. ज्या ठिकाणी ही दोन्ही एकत्र येतात तेच नेमके शिक्षकाचे काम, आणि तेच परीक्षेबाहेर राहते.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद केली पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संगीतादी कलांसाठी ‘नेट’खेरीज दुसरा एक मार्गही ठेवण्यात आला. नामवंत गुरूंकडे शिकलेला, व्यवसायात विशेष कर्तृत्व असलेला कलावंत त्या मार्गाने पात्र ठरू शकतो. आणि त्याच्याकडून विषयाचे सोदाहरण विवेचन करण्याच्या क्षमतेची अपेक्षा केलेली आहे. ही अपेक्षा योग्य आहे. प्रश्न एवढाच की, जी क्षमता कलावंताकडून अपेक्षिली, ती पर्यायी प्रश्न सोडवून आलेल्या उमेदवाराकडून का अपेक्षू नये? आणि दोघांच्याही बाबतीत ती प्रत्यक्ष पाहावयाची कोणी व केव्हा?

६

परीक्षापद्धतीच्या विरुद्ध जो एक जुना सूर आहे, त्यात सूर मिसळण्याचा येथे हेतू नाही. ‘परीक्षांनी गवई होत नाहीत’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, त्यातील अर्थ आता झिजून गेला आहे. परीक्षांनी गवई करावेत, अशी प्रतिज्ञाही कोणी केली नव्हती. उलट परीक्षांमुळे ज्या गोष्टी साधल्या, त्या मोठ्या आहेत. घराण्याच्या उंबरठ्याबाहेर असलेल्या असंख्य मुलामुलींना क्रमाने संगीत शिकता आले. गुरूची मर्जी हाच ज्ञानाचा एकमेव परवाना राहिला नाही. पनवेलसारख्या गावात राहणाऱ्या, नोकरी किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्या मनुष्याला आपण कोठवर आलो हे समजण्याचे एक साधन मिळाले, आणि विशारद झालेल्या अनेक स्त्रियांना घरबसल्या अर्थार्जनाचा एक प्रतिष्ठित मार्ग खुला झाला. ज्याला परीक्षा नको आहे त्याने या सर्वांच्या जागी काय ठेवणार ते सांगितले पाहिजे.

परीक्षेच्या लेखी भागाचीही सरसकट टिंगल करणे योग्य नाही. भातखंडे आणि पलुस्कर या दोन्ही स्वरलिपी शिकण्याचा जो भाग अनेकांना निरर्थक वाटतो, त्याचेच उदाहरण घेता येईल. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावरील बिंदू तार सप्तक दाखवितो. पलुस्कर पद्धतीत तोच बिंदू मंद्र सप्तक दाखवितो आणि तारासाठी उभी रेघ येते. एकीत फुलीसारखे चिन्ह समेचे, दुसरीत अधिकाचे चिन्ह कालाचे. परीक्षार्थी यावर वैतागतो. पण ‘क्रमिक’ आणि ‘रागविज्ञान’ हे दोन्ही ग्रंथ ज्याला स्वतः उघडून वाचावयाचे आहेत, त्याला या चिन्हांचे ज्ञान अपरिहार्य आहे. ज्ञान अनावश्यक नाही. ते कोणत्या कामासाठी मिळवावयाचे आहे, याचा विसर पडला आहे.

तेव्हा आक्षेप परीक्षा असण्यावर नाही, तिच्यात जे विचारले जाते त्यावरही फारसा नाही. आक्षेप आहे तो जे विचारले जात नाही त्यावर. उमेदवार जे विचारले जाईल त्याचीच तयारी करतो. हा त्याचा आळस नव्हे. वेळ आणि पैसा मोजून मिळविणाऱ्या माणसाचा तो शहाणपणा आहे. म्हणून तयारीत बदल हवा असेल, तर उपदेश उमेदवाराला न करता प्रश्नपत्रिकेला करावयास हवा.

७

असा बदल फार मोठ्या व्यवस्थेची अपेक्षा करीत नाही. लेखी परीक्षेत भूप व देसकार यांची तुलना विचारण्याऐवजी, अथवा तिच्या जोडीला, एका काल्पनिक विद्यार्थ्याचा बिघडलेला आलाप स्वरलिपीत देता येईल आणि राग कोठे ढळला, का ढळला व त्यावर कोणता अभ्यास द्याल, असे विचारता येईल. हा प्रश्न जुन्याच ज्ञानावर आधारलेला आहे. फक्त त्याची दिशा उलटलेली आहे. मारवा, पूरिया आणि सोहनी या समान स्वरांच्या रागांवर असे प्रश्न सहज रचता येतील. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेतसुद्धा हा प्रकार अशक्य नाही. ध्वनिमुद्रित आलाप ऐकवून दोष ओळखावयास लावणे आजच्या साधनांनी कठीण राहिलेले नाही.

क्रियात्मक परीक्षेत याहून सोपा उपाय आहे. ज्या केंद्रावर विशारदचा उमेदवार परीक्षेस येतो, त्याच केंद्रावर बहुधा प्रारंभिक व प्रवेशिकेचे विद्यार्थीही आलेले असतात. त्यांच्यापैकी एखाद्याला, पालकांच्या संमतीने, समोर बसवून पंधरा मिनिटांचा पाठ घेण्यास सांगावे. अलंकार कसा समजावून दिला, चूक केव्हा थांबविली आणि केव्हा जाऊ दिली, स्वतः किती गाइले आणि मुलाला किती गाऊ दिले, हे परीक्षकाला पंधरा मिनिटांत दिसते.

यात परीक्षकाच्या व्यक्तिगत मताला फार वाव राहील, असा आक्षेप संभवतो. तो गैर नाही. परंतु बडा ख्याल ऐकून गुण देताना तरी दुसरे काय घडते? कलेच्या परीक्षेत परीक्षकाचा विवेक टाळता येत नाही. त्याला स्पष्ट निकष देऊन तो जबाबदार करता येतो. अशा पाठाने परीक्षेचा वेळ वाढेल, असाही आक्षेप घेतला जाईल. त्याचे उत्तर असे की, ज्यांना शिकवावयाचेच नाही त्यांच्यावर ही सक्ती असू नये. शिक्षक म्हणून पात्रता मागणाऱ्यांसाठीच हा पाठ असावा, आणि तसा स्पष्ट उल्लेख प्रमाणपत्रावर व्हावा. गाण्याची पात्रता आणि शिकविण्याची पात्रता यांतील फरक त्यामुळे पालकांच्याही ध्यानात येऊ लागेल.

शालेय शिक्षणाच्या संदर्भात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेसाठी कलाशिक्षणाच्या अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. ज्या शाळेत असा निदेशक संगीताचा असेल, तेथे त्याच्यासमोर चाळीस-पन्नास मुले एकाच पट्टीत गावयास बसतील. ती सर्व त्याच्याकडे निवडून आलेली नसतील. वेळापत्रकाने आणलेली असतील. अशा वर्गापुढे उभे राहणाऱ्याने चौगुण म्हणून दाखविली होती की नाही, यापेक्षा त्याने पूर्वी कधी एका तरी अडखळणाऱ्या मुलाला गाते केले होते की नाही, हा प्रश्न अधिक निकडीचा ठरतो.

पलुस्करांच्या उपदेशक वर्गात आणि भातखंड्यांनी ग्वाल्हेरच्या गवयांना दिलेल्या शिक्षणात या प्रश्नाचा विचार झालेला होता. पुढे परीक्षांचा विस्तार झाला, हजारो उमेदवार आले, आणि एवढ्यांना एकाच मापाने मोजण्यासाठी जे सहज मोजता येते तेवढेच मोजले जाऊ लागले. हे घडणे स्वाभाविक होते. पण स्वाभाविक म्हणून ते कायमचे मानण्याचे कारण नाही. उपदेशक वर्गाचा हेतू पुन्हा प्रश्नपत्रिकेत आणणे, हे परंपरेशी विसंगत नसून तिच्याशी अधिक प्रामाणिक राहणे होईल. तसे झाले, तर पनवेलचा परीक्षार्थी परीक्षेपूर्वी आपली मार्गदर्शिका चाळील, त्याचप्रमाणे शेजारच्या गावातील भजनात जाऊन बुवा पोरांना कसे शिकवितात, हेही एखाद्या सायंकाळी बसून पाहील. आणि ती सायंकाळ परीक्षेच्या अभ्यासातच धरली जाईल.